मासोळीचा हिशेब कोणी लिहायचा?

हल्ली मासोळीबद्दल सुशिक्षित मंडळींचं एक मत जवळजवळ पक्कं झालेलं आहे. मासोळी विकणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी व्हायला हवी. माल कुठून आणला, कधी आणला, किती विकला, हे प्रत्येकाने लिहून ठेवायला हवं. आणि गिऱ्हाईकाने मोबाईल समोर धरला की हा मासा कुठल्या पाण्यातला ते स्क्रीनवर दिसायला हवं. ऐकायला झकास वाटतं. माझं तर पोटच नोंदींवर चालतं. गेली अनेक वर्षं मी लोकांच्या नोंदी ठेवायची सॉफ्टवेअरं लिहितोय, तेव्हा या मताला पहिली टाळी माझी पडायला हवी होती.

ती पडणार नाही. नोंदी नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट आज आहेत त्याच्या दसपट हव्यात. पण त्या टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या डोक्यावर टाकायच्या आणि ट्रकवाल्याला, ठेकेदाराला, संस्थेच्या सचिवाला मोकळं सोडायचं, हा जो काही प्रकार चालू आहे त्याला माझा विरोध आहे. आणि हे मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात लिहितोय, कारण मुंबईच्या ससून डॉकवरून किंवा पुण्याच्या गणेश पेठेतून बघितलं तर हा प्रश्न दिसतच नाही.

आधी नियम काय आहे ते बघू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखालची परवाना आणि नोंदणीची नियमावली २०११ ची. या नियमावलीने १२ लाखांच्या वार्षिक उलाढालीवर रेषा आखली. खालच्यांनी १०० रुपये भरून साधी नोंदणी करायची, वरच्यांनी परवाना घ्यायचा. परवान्याच्या अटींमध्ये एक अट अशी, की माल फक्त नोंदणी किंवा परवाना असलेल्याकडूनच घ्यायचा, अशाच माणसाला विकायचा, आणि त्याची नोंद ठेवायची. वाचताना ही अट निरुपद्रवी वाटते. पण तिचा अर्थ नीट लावा. हॉटेलवाल्याकडे परवाना असेल तर तो बिननोंदणीच्या बाईकडून मासोळी घेऊच शकत नाही. म्हणजे तिच्यावर कोणी धाड टाकायची गरजच नाही. तिचं गिऱ्हाईक परस्पर तुटतं. त्यात आता भर म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यव्यवसायाचं राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू केलं आहे. मच्छिमार, विक्रेते, संस्था या सगळ्यांना त्यावर आणून 'औपचारिक' करायचं आहे. हेतू चांगला आहे. हेतू नेहमीच चांगला असतो.

आता आमच्याकडची परिस्थिती. (आमच्याकडे मासळी म्हणत नाहीत, मासोळी म्हणतात, म्हणून शीर्षकात तसंच ठेवलंय.) चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तलावांचा मुलूख आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी आणि इतर समाजांनी बांधलेले हे तलाव. पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव सांगितले जातात, आणि शेतातल्या बोड्या वेगळ्याच. शिवाय असोलामेंढा, घोडाझरीसारखे इंग्रजांच्या काळातले मोठे जलाशय, वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या. या पाण्यावर ढिवर, भोई, केवट ही माणसं पिढ्यानपिढ्या जगत आलीत. पुरुष जाळं टाकणार, बाया टोपलं घेऊन बाजारात बसणार, ही ढोबळ वाटणी.

आठवडी बाजारात अशा बाईच्या हातात सरकारी म्हणावा असा एकच कागद असतो. बाजार वसुलीची पावती. म्हणजे तिने जागेचे पैसे भरले याची नोंद आहे. तिने काय विकलं, कितीला विकलं, माल कुठला, याची नाही. मी एकदा अशाच एका बाजारात एका मावशीला (वय साठीच्या पुढे, समोर झिंग्यांचा ढीग आणि चार मरळ) विचारलं होतं, की मावशी, कोणत्या तलावाची आहे?

"बोडीतली आहे जी, सकाळीच काढली."

"मग कुठून घेतली, किती घेतली, ते लिहून नाही ठेवत?"

"लिहून का करू जी? सांजवरी नाही विकली तं वही थोडीच खातो आम्ही!"

या उत्तरात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी पुढचं वाचू नये. तिचा माल सकाळी पाण्यातून निघतो आणि संध्याकाळपर्यंत एकतर विकला जातो नाहीतर सुकवायला जातो. तिचा साठा नाही, गोदाम नाही, बॅच नंबर नाही. ज्या धंद्याचं आयुष्य बारा तासांचं आहे त्याला 'साठा नोंदवही' ठेवायला सांगणं म्हणजे रांगोळीला सातबारा काढण्यासारखं आहे.

आणि तिच्या शेजारच्या दुकानात काय असतं? आंध्रची रोहू-कतला. थर्माकोलच्या पेट्या, बर्फ, प्रवास करून आलेला माल. याला कागद असतो. चलान असतं, गाडी नंबर असतो, पाठवणाऱ्याचं नाव असतं. म्हणजे उद्या तो मोबाईलवाला नियम कडक झाला तर काय होईल बघा. सकाळी दोन कोसांवरच्या तलावातून काढलेली मरळ 'अज्ञात स्रोत' ठरेल आणि बर्फात मुक्काम करून आलेली कतला 'प्रमाणित' ठरेल. नियम ताजेपणासाठी केला, आणि त्याने ताज्यालाच बाहेर काढलं! सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही बग म्हणतो. सरकारी भाषेत याला बहुतेक अंमलबजावणी म्हणत असावेत.

हे काल्पनिक नाही. गोव्याने २०१८ मध्ये हे करून बघितलं. जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारात फॉर्मेलिनचा गाजावाजा झाला, राज्याने बाहेरची मासळी पंधरा दिवस बंद केली, आणि नोव्हेंबरमध्ये अट आली की बाहेरून मासळी आणणाऱ्याकडे अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडी पाहिजे. संशय होता लांबून, दिवसचे दिवस प्रवास करून येणाऱ्या मालावर. पण अट सगळ्यांना सारखी. मोठ्या व्यापाऱ्याने गाडी घेतली, कागद केले. अडकले ते सिंधुदुर्गातले छोटे टेम्पोवाले, ज्यांची मासळी मालवणहून काही तासांत गोव्यात पोचते आणि जिच्यात फॉर्मेलिन घालायला वेळही नसतो आणि कारणही. ओरड झाली, आंदोलनं झाली. फॉर्मेलिन वापरणारा माणूस नोंदवहीत 'फॉर्मेलिन ५ लिटर' असं लिहीत नाही, हे एवढं साधं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. फॉर्मेलिन नमुना तपासून सापडतं. त्याला तपासनीस लागतो, प्रयोगशाळा लागते, म्हणजे सरकारला खर्च येतो. नोंदवही मागायला खर्च येत नाही, तो दुसऱ्याचा असतो.

थोडं विषयांतर. फार वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या गोदामासाठी आम्ही एक सिस्टीम केली होती. परत आलेला माल का परत आला, हे कारण भरणं सक्तीचं पाहिजे, असा क्लायंटचा हट्ट. भरल्याशिवाय पुढची स्क्रीनच उघडायची नाही. आम्ही नको म्हणून बघितलं, पण पैसे त्यांचे. यादीतला पहिला पर्याय होता 'ओलावा'. सहा महिन्यांनी रिपोर्ट काढला तर भर मे महिन्यात सगळा माल ओला! गोदामातल्या पोरांना त्या कारणाचा काडीचाही उपयोग नव्हता, त्यांना स्क्रीन पुढे न्यायची होती. तेव्हापासून कुठलाही फॉर्म बघितला की मी एकच गोष्ट विचारतो: हा रकाना खरा भरला तर भरणाऱ्याला काय मिळणार? उत्तर 'काहीच नाही' असेल तर त्या रकान्यात कचरा जमा होणार, मग तो कागदावर असो नाहीतर क्लाऊडवर.

हाच प्रश्न घेऊन तलावाच्या पाळीवर जाऊ. कारण मासोळीचं खरं वजन कुठे कळतं, तर तिथे. बाजारात नाही. जाळं ओढलं, मासोळी पाळीवर आली, काटा लागला, मासेमाराला किलोमागे मजुरी किंवा हिस्सा द्यायचा म्हणून वजन झालं. एकदाच, आणि सगळ्यांच्या समोर. त्या क्षणी कोणीतरी वहीत आकडा लिहितोच. ती वही कोणाची? बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थेची, म्हणजे व्यवहारात सचिवाची. किंवा संस्थेला पैसे पुरवणाऱ्याची. संस्था ढिवरांची, सही ढिवर अध्यक्षाची आणि तलाव प्रत्यक्षात चालवणारा भलताच, ही तक्रार या भागात इतकी जुनी आहे की तिच्यात आता कोणाला बातमीही दिसत नाही.

आता गंमत बघा. तलावाच्या ठेक्याची रक्कम कशावर ठरते? पाण्याच्या क्षेत्रावर. हेक्टरी दर. किती मासोळी निघाली याच्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे पकडीचा खरा आकडा सरकारलाही नको, कारण त्याचा महसूल त्यावर अवलंबून नाही. सचिवाला नको, कारण तो सभासदांना कळला तर हिस्सा मागतील. पैसे पुरवणाऱ्याला तर नकोच नको. आकडा पाहिजे असतो फक्त ज्याने जाळं ओढलं त्याला, आणि वही नेमकी त्याच्या हातात नसते. सहकार कायद्याच्या (१९६० चा) कलम ३२ ने सभासदाला दप्तर बघायचा हक्क दिलेला आहे. पण हक्क बजावायला तालुक्याला अर्ज करायचा, त्याची पोच घ्यायची, वर सचिवाशी वाकडं घ्यायचं, आणि पुढच्या हंगामात जाळं त्याच्याच तलावात टाकायचं! दरवर्षी ऑडिट होतं हे खरं. पण ऑडिटर रुपयांची बेरीज तपासतो. मुळात वजनच कमी लिहिलं असेल तर बेरीज अगदी बरोबर येते.

अशी एक वही मी चाळली आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. त्यात बोटुकली किती सोडली याचा हिशेब टापटीप होता, कारण बोटुकली विकत घ्यावी लागते आणि तिचं बिल जोडावं लागतं. विक्रीच्या पानावर रकाने होते रोहू, कतला, मृगळ आणि 'इतर'. या 'इतर'मध्ये मरळ होती, झिंगे होते, आणि ज्यांची नावं मला माहीत नाहीत पण त्या पाळीवरच्या दहा वर्षांच्या पोराला माहीत आहेत अशा सगळ्या देशी मासोळ्या होत्या. म्हणजे ज्या मासोळीला बाजारात सगळ्यात जास्त भाव मिळतो, आणि जी बायांच्या टोपल्यात जाते, ती 'इतर'. देशी मासोळी कमी झाली म्हणून म्हातारी माणसं हळहळतात. झाली असणारच. वनस्पती गेल्या, तलावात बेशरम माजली, गाळ भरला. भंडाऱ्याच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या मंडळींनी ढिवरांना सोबत घेऊन तलाव पुन्हा जिते करण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. पण कुठल्या तलावात किती कमी झाली, हा आकडा कोणी मागितला तर उत्तर एकच: 'इतर'मध्ये बघा.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. विशेषतः आमचे ते मित्र, ज्यांना गरिबाकडे कागद मागणं हाच मुळात अन्याय वाटतो. माफ करा, पण मी तुमच्याही बाजूचा नाही. कागद नसल्याची किंमत काय असते ते वैनगंगेकाठी जाऊन विचारा. गोसीखुर्दची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये झाली. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे सातबारा होता. मोबदला कमी मिळाला, उशिरा मिळाला, भांडून मिळाला, पण भांडायला कागद होता. ज्याची नदी गेली त्याने काय दाखवायचं? जाळं? तिकडे सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडीगड्डाचा बराज २०१९ मध्ये सुरू झाला, २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. या चार वर्षांत वरच्या-खालच्या पाण्यातली मासेमारी किती बदलली, हे कोणत्या दप्तरावरून सिद्ध करणार? आणि नदीत उद्या कारखान्याचं पाणी सुटलं आणि मासोळी उलटी तरंगायला लागली, तर तलाठी पंचनामा कशाचा करणार, कालपर्यंत किती निघत होती हेच कुठे लिहिलेलं नसेल तर?

तेव्हा नोंद पाहिजेच. आणि खरं म्हणजे आमच्याकडे ती परंपरा नवीन नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) 'वाजिब-उल-अर्ज' नावाचं एक प्रकरण आहे, नावावरूनच कळतं की ते जुन्या मध्य प्रांतातून आलेलं. गावात पाण्याचा, वाटेचा आणि मासेमारीचा काय रिवाज आहे तो कलेक्टरने विचारून लिहून ठेवायचा, अशी ही तरतूद. त्याच्या जोडीला निस्तार पत्रक. बघा हं, इथे लिहायचं काम सरकारचं होतं आणि लिहायची गोष्ट होती लोकांचा हक्क. आताच्या नियमात लिहायचं काम लोकांचं आणि लिहायची गोष्ट म्हणजे लोकांवर लक्ष ठेवायला लागणारी माहिती. दोन्हीला आपण 'नोंद' हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे घोटाळा होतो.

पण मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण मासोळीचं नाहीच, बांबूचं आहे. मेंढा (लेखा), तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव वाचकांपैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता बांबू विकायचा. पण १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे बांबू हे झाड, आणि वनखात्याच्या वाहतूक परवान्याशिवाय एक काडी गावाबाहेर नेता येत नाही. हक्क गावाचा आणि पावतीबुक खात्याचं! म्हणजे हक्क कोणाचा झाला? वाद दिल्लीपर्यंत गेला. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देण्यात आलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांतच दुरुस्ती झाली: परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, आणि परवान्याच्या नावाखाली हक्काची अडवणूक करता येणार नाही.

यातली मला आवडणारी गोष्ट सांगतो. मेंढ्याने 'परवाना नको, कागद नको' अशी मागणी केली नाही. कागद तोच राहिला. तारीख, नग, गाडी नंबर, कुठून कुठे, सगळे रकाने तेच. फक्त पुस्तक कोणाच्या टेबलावर आहे आणि सही कोणाची, एवढंच बदललं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्कीमा तोच, राइट परमिशन बदलली. आणि तेवढ्याने सगळा खेळ बदलला, कारण आता किती बांबू गेला हे आधी गावाला कळतं आणि मग बाकीच्यांना. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर स्वतःच बांबू तोडला, स्वतः विकला, आणि तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात. असा निर्णय घ्यायला आधी स्वतःचा हिशेब स्वतःकडे असावा लागतो. सचिवाच्या कपाटातल्या वहीवरून कोणी असं काही ठरवू शकत नाही.

मग हेच मासोळीला का नाही? वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतली मासळी स्पष्ट शब्दांत आहे. बांबूवर एवढं रामायण झालं, पण मासोळीचं नाव तिथे पहिल्या दिवसापासून असूनही तिची चर्चा क्वचितच होते. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि त्यांच्या हद्दीत तलाव-बोड्या आहेतच. पेसा कायद्यात (१९९६) लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे सोपवायचं म्हटलं आहे, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. पेसा सगळीकडे लागू नाही हे मला माहीत आहे. गडचिरोलीचा बराचसा भाग आणि चंद्रपूरचा थोडा भाग एवढाच अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि बरेच मामा तलाव जंगलाबाहेर, जिल्हा परिषदेकडे आहेत. इथे एक खरा पेच आहे, तो झाकायचा नाही: ग्रामसभा म्हणजे सगळं गाव, आणि ढिवर म्हणजे त्यातली दहा-वीस घरं. वही ग्रामसभेकडे दिली म्हणजे ढिवरांचं भलं होईलच असं नाही. गावातल्या शेतीवाल्यांना तलावाचं पाणी धानाला पाहिजे असतं, आणि मासोळीवाल्याला तळाशी पाणी राखायचं असतं, हे भांडण दर उन्हाळ्याचं आहे. म्हणून माझं म्हणणं असं की लिहायचं ढिवरांनी आणि वाचायचं ग्रामसभेत. लिहिणारे आणि ऐकणारे वेगळे असले की आकड्यात गडबड करणं अवघड जातं. एवढं तर आम्हा प्रोग्रामर लोकांनाही कळतं.

विक्रीच्या बाजूचं काय? तिथे युरोपवाल्यांनी २००९ च्या नियमावलीत एक व्यवहारी गोष्ट केली होती. पहिल्या विक्रीची नोंद द्यायची जबाबदारी त्यांनी टाकली पहिल्या खरेदीदारावर आणि लिलाव केंद्रावर. घरी खायला ३० किलोपर्यंत घेणाऱ्याला त्यातून सूट, आणि दहा मीटरहून छोट्या बोटीला लॉगबुकाची सक्ती नाही. पुढे त्यांनी हे नियम आणखी कडक करत नेले, पण सुरुवात कुठून केली ते बघा. जिथे माल गोळा होतो, जिथे आधीच कारकून आहे आणि काटा आहे, तिथून. आपण सुरुवात करतोय टोपल्यापासून! आमच्याकडेही हे सहज करता येईल. पाळीवरून एका दिवसात अमुक किलोच्या वर जो उचलेल, त्याने लिहून द्यायचं आणि सही करायची. बाहेरून बर्फातला माल जो उतरवेल, त्याने कुठला तलाव, कधी काढला, बर्फ कधी घातला ते सांगायचं. टोपलीवालीकडे मागायचा कागद एकच: पाळीवरच्या वहीतली तिच्या नावाची चिठ्ठी. तीही तिने लिहायची नाही, वजन करणाऱ्याने फाडून द्यायची. हॉटेलवाल्याला तीच चिठ्ठी परवान्यासाठी चालली पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचं ठरवलं. मग शेतकऱ्याने शेताच्या धुऱ्यावर भाजी विकली तर त्याला जेवढं विचारता, तेवढंच हिला विचारा.

'त्यापेक्षा अॅप करा ना, तुम्ही तर सॉफ्टवेअरवाले' असं कोणीतरी म्हणणारच. करता येईल. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता जातो, त्याच्याबरोबर बहुतेकदा नेटवर्क जातं, आणि मग ओटीपी कुठे येणार हा माझा प्रश्न आहे. पण खरी अडचण नेटवर्कची नाही. अॅपमध्ये भरलेला आकडा मुंबईला दिसतो, दिल्लीला दिसतो, फक्त पाळीवर दिसत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, तेव्हा त्यांनी काय केलं? मस्टर गावासमोर मोठ्याने वाचलं. ज्याच्या नावावर मजुरी लागली तो माणूस तिथे समोरच बसलेला होता, आणि तो म्हणाला मी तर कामावर नव्हतोच. त्यातून पुढे माहितीचा अधिकार आला. ऐकायला लिहिता-वाचता यावं लागत नाही, आणि आपल्या जाळ्यात काय निघालं होतं ते कोणालाही पाठ असतं.

अॅप हवंच असेल तर वर्षाअखेरीला त्या वहीचे फोटो काढून टाका. मी फुकट करून देतो.

तोपर्यंत ठेक्याचा करार कधीतरी नूतनीकरणाला येईलच. त्यात फक्त तीन वाक्यं घालायची आहेत. पकडीची वही पाळीवर राहील आणि तिच्यावर काटा धरणाऱ्याबरोबर जाळं ओढणाऱ्या दोघांच्या सह्या किंवा अंगठे असतील. वहीत 'इतर' हा रकाना असणार नाही, मासोळ्यांची नावं ढिवर सांगतील तशी लिहिली जातील. आणि दर महिन्याला, बाजाराचा दिवस सोडून, ती ग्रामसभेत वाचली जाईल. बाजाराचा दिवस सोडून अशासाठी, की त्या दिवशी बाया गावात नसतात.